पठारावरच्या झाडांची यादी

१२ ऑगस्ट, मंगळवार
कॉलेजात या वर्षी माझे तास निम्मे केले. तासिका तत्त्वावरचं हे बारावं वर्ष. प्रिन्सिपॉल म्हणाले, "मॅडम, बॉटनीला मुलंच येत नाहीत, मी काय करू?" खरं आहे. पहिल्या वर्षाला सात मुली आणि एक मुलगा, तोही चुकून या विषयात आलेला.

दुपारी पुण्याहून फोन. केतन नावाचा माणूस, पर्यावरण अहवाल तयार करणाऱ्या एजन्सीतला. शिनोलीच्या पुढं डोंगरात वीजप्रकल्प येतोय. खाली एक तळं, वर पठारावर एक तळं. दिवसा उन्हाच्या विजेवर पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून वीज करायची. "ग्रीन एनर्जी आहे मॅडम. कोळसा नाही, धूर नाही." त्यांना पठारावरच्या झाडाझुडपांची पावसाळी यादी हवी. उन्हाळ्यात त्यांची माणसं जाऊन आली तर नुसतं वाळलेलं गवत. माझा प्रबंध त्याला कुठंतरी सापडला. प्रबंध त्याच पठारावरचा.

हो म्हणाले. एवढ्या पटकन म्हणायला नको होतं.

१३ ऑगस्ट
संतोषला सांगितलं. तो टोमॅटो बांधत होता, तोंडात सुतळी. सुतळी काढून म्हणाला, "वीजच करणारेत ना? मग लिही की चांगलं. आम्हाला तरी दिवसा पाणी धरता येईल."

इथं महाळुंग्यात शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात हा बॅटरी आणि काठी घेऊन पिकाला पाणी द्यायला निघतो, मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावतो, म्हणजे बिबट्या असला तर बाजूला होईल. लग्नाला सतरा वर्षं झाली, त्या आठवड्यात मला अजून झोप लागत नाही. तेव्हा वीज नको असं मी कुठल्या तोंडानं म्हणू. आणि ते म्हणायचंही नाहीये. यादी करायची आहे फक्त.

१७ ऑगस्ट, रविवार
वर जाऊन आले. आठ वर्षांनी. रस्ता पायथ्याच्या गावात संपतो तो तिथंच संपतो अजून. पुढं दीड तास चढ. पूर्वी सव्वा तासात जायचे.

पठारावरच्या वाडीत वीस-बावीस घरं. ठकूमावशी ओट्यावर बसलेली. मला बघून उठली नाही, म्हणाली, "आली का माजी गवतवाली." प्रबंधाच्या वेळी तिच्याच घरी उतरायचे. कुठलं झाड कुठं ते अर्ध्याहून जास्त तिनंच दाखवलेलं. प्रबंधात आभार मानलेत तिचे, तिला वाचून दाखवायचं राहिलं.

मुलगा घोडेगावात हॉटेलात कामाला, महिन्यातून दोनदा येतो. सून तारा सातव्या महिन्यात. ताराचं पहिलं बाळ तीन वर्षांपूर्वी उतारावरच झालं, निम्म्या वाटेत. राहिलं नाही. मावशीनं हे मला भाकरी थापता थापता सांगितलं, ताराच्या देखत. तारा तवा पुसत होती.

पठार अजून तसंच. सोनकी नुकती लागलीय. कातळावरच्या ओलीत सीतेची आसवं, निळीजांभळी. वारा असा की वहीची पानं हातात ठरेनात.

२४ ऑगस्ट
खर्चुडी सापडली! पठाराच्या पश्चिम कडेला, कारवीच्या आडोशाला. हिरवट फूल, कंदिलासारखं, आत जांभळी छटा. पीएच.डी.च्या वेळी चार हंगाम शोधली आणि दोनच रोपं मिळाली होती. आज ठ.मा.नं (आता असंच लिहीन, हात दुखतो) सरळ तिथं नेऊन उभं केलं. "ही का? ही तर आमी लहानपनी खनून खायचो. पिठूळ लागती." म्हटलं, तेव्हा का नाही दाखवलीस? म्हणाली, "तवा तू फुलं म्हनायचीस. मला काय ठावं तुला कांदा पायजे."

हसून हसून पोटात दुखलं. दोघी कड्याच्या टोकाला बसून हसतोय.

मग मोजायला लागले. वहीची दोन पानं भरली. ती म्हणाली, सगळा कांदा काढायचा नाही, आईकांदा ठेवायचा, नाहीतर पुढच्या साली डोंगर उपाशी ठेवतो.

परत येताना केतनचा नकाशा उघडला. वरच्या तळ्याची निळी रेघ बरोबर त्या कडेवरून जाते.

२७ ऑगस्ट
गणपती बसले. उकडीचे फुटले. संतोष म्हणे चव तीच आहे.

७ सप्टेंबर, रविवार
पुन्हा वर. दोरी लावून चौकोन केले, प्रत्येकात काय काय ते लिहिलं. ठ.मा. दोरीचं दुसरं टोक धरून. पाऊस मधूनमधून.

ती अचानक म्हणाली, "तू हे लिवलंस म्हंजी तळं व्हनार न्हाई का?"
म्हटलं, माहीत नाही. लांबेल कदाचित. पुन्हा तपासायला लावतील.
"आन् रस्ता?"
"कुठला रस्ता?"
"तो पुन्याचा पोरगा म्हनला ना. परकल्प आला की पठारापतूर डांबरी रस्ता. अँब्युलन दारात."

मला हे माहीत नव्हतं. केतन जुलैत वाडीत येऊन बैठक घेऊन गेला म्हणे, सगळ्यांना चहा-बिस्किटं.

तिनं दोरी ताणून धरली होती, सोडली नाही. म्हणाली, "लिव तू. तुजं काम हाये. मी आपलं इचारलं."

खाली उतरताना पायथ्यापर्यंत तेच डोक्यात.

१५ सप्टेंबर
यादी पाठवली. खर्चुडीखाली वेगळी टीप: दुर्मिळ, फक्त सह्याद्रीत, नियोजित तळ्याच्या जागेतच मोठ्या संख्येनं. खाली सही. बऱ्याच वर्षांनी आपण शिकलो ते कशासाठी असं वाटलं नाही.

१८ सप्टेंबर
केतनचा फोन. आवाज गोड. "मॅडम, फार सुंदर काम. फक्त ती एक एंट्री." मी म्हटलं, तीच तर खरी एंट्री. "हो, पण तुम्हीच लिहिलंय स्थानिक लोक कंद खातात. म्हणजे कॉमनच झालं ना?" इतकं मूर्खपणाचं बोलणं.

मग म्हणाला, एक अख्खा हंगाम जाईल. पुन्हा अभ्यास, पुन्हा समिती. "वाडीतल्या लोकांनाच उशीर होईल मॅडम. ते रस्त्याची वाट बघतायत. आम्ही रोपं काढून दुसरीकडं लावू की, तसा आराखडा देऊ. तुम्ही विचार करा. माझा आग्रह नाही."

आग्रह नव्हताच त्याचा. शेवटपर्यंत नव्हता.

१९ सप्टेंबर
कंद हलवून जगेल का? कॉलेजच्या मागं मीच लावले होते दोन, प्रबंधाच्या काळात. एक कुजला. एक तीन वर्षं पानावर राहिला, फूल नाही.

२१ सप्टेंबर
संतोषशी बोलले. तो म्हणाला, "तुला काय वाटतं ते लिही. पण फुलासाठी माणसं अडकवायची का, हे तूच बघ." मग थोड्या वेळानं, "आणि मी विजेसाठी म्हणत नाहीये हे." बाहेर जाऊन बसला.

तो भांडला असता तर बरं झालं असतं.

३० सप्टेंबर, मंगळवार
लिहायचं नव्हतं. लिहिते.

शनिवारी वर गेले होते. ठ.मा.ला विचारायचं होतं, तूच सांग काय करू. पाऊस सुरू झाला, परत फिरता येईना, तिथंच राहिले. विचारलं नाही. जेवताना तारा हसत होती, माझ्या चष्म्यावर वाफ धरली म्हणून.

रविवारी पहाटे फटफटताना ताराला कळा. तीन आठवडे आधी. मोबाइलला रेंज कड्यावर जाऊनच; मी गेले, पायथ्याच्या गावात फोन लावला, अँब्युलन्स सांगितली. ते म्हणाले, गाडी शाळेपर्यंत येईल, तुम्ही खाली आणा.

वाडीत चार पुरुष, त्यातले दोन म्हातारे. घोंगडीची झोळी बांबूला बांधली. मागच्या बाजूला मी आणि ठ.मा. आळीपाळीनं हात लावत. वाट म्हणजे ओढा झालेला. एकदा पुढचा माणूस घसरला, झोळी दगडावर टेकली. तारा ओरडली नाही. आधी ओरडत होती, मग गप्प झाली. ठ.मा. तिच्याशी सारखी बोलत होती, "आलंच बघ, त्ये आंब्याचं झाड दिसलं का, आलंच." आंब्याचं झाड खूप लांब होतं.

अडीच तास लागले. गाडी उभी होती. नर्सनं तिथंच बघितलं आणि माझ्याकडं बघितलं.

तारा वाचली. रक्त चढवलं, पुण्याला नेलं. बाळ पोटातच गेलं होतं. मुलगी.

ठ.मा. गाडीत बसताना एवढंच म्हणाली, "माजी गाय सोडायची राह्यली. कुनाला तरी सांग."

२ ऑक्टोबर. दसरा
सकाळी अवजारं पुजली. संतोषनं फवारणीच्या पंपाला हळदकुंकू लावलं, मी लॅपटॉपला.

दुपारी तोच लॅपटॉप उघडला आणि खर्चुडी यादीतून काढली. ओळ आणि खालची टीप, दोन्ही. पुढचे आकडे आपोआप सरकले, रिकामी जागासुद्धा राहिली नाही.

पुन्हा सही केली. पाठवलं.

मला कुणी सांगितलं नाही. हे लिहून ठेवते कारण उद्या मीच म्हणेन की केतननं दबाव आणला.

३ ऑक्टोबर
केतन: "थँक यू मॅडम, फार समजूतदार आहात." पैसे जमा. संतोषला सांगितलं काढली म्हणून. त्यानं मान हलवली. त्यालाच हवं होतं ना? आता का बोलत नाही.

२१ ऑक्टोबर
दिवाळी. वर जायला हवं होतं. गेले नाही.

१६ नोव्हेंबर
पायथ्याच्या गावचा एक विद्यार्थी भेटला. म्हणाला, तारा माहेरी आहे, येत नाही म्हणते. पठारावर भातकाढणी झाली. "ठकूआजी विचारत होती मॅडम कवा येनार." म्हटलं, परीक्षा आहेत. नव्हत्या.

९ डिसेंबर
जनसुनावणीची नोटीस. २३ तारखेला, पायथ्याच्या गावात शाळेच्या पटांगणावर. अहवालाचा मराठी सारांश आज पहिल्यांदा हातात आला. झाडांच्या पानावर माझं नाव, पदव्या, आणि वाक्य: "प्रकल्पक्षेत्रात कोणतीही दुर्मिळ वा संकटग्रस्त वनस्पती आढळली नाही." हे वाक्य माझं नाही. यादी माझी आहे. त्या यादीवरून दुसरं कुठलं वाक्य होणार होतं?

रस्त्याबद्दल सारांशात शोधलं. "प्रकल्पासाठी आवश्यक पोहोच रस्ते" एवढंच.

२३ डिसेंबर, मंगळवार
मांडव, खुर्च्या, पोलीस, भजी. पुढं अधिकारी, बाजूला कंपनीची माणसं, केतन कोट घालून. वरच्या वाडीतली सगळी माणसं आलेली, ठ.मा. दुसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या घडीचं नवं लुगडं. मला खूण केली, शेजारी जागा धरली होती. बसले.

पडद्यावर नकाशा आला. वरचं तळं निळं, भोवती लाल रेघ म्हणजे कुंपण. रस्ता जाड काळा. तो आपल्या बाजूनं येतच नाही. डोंगराच्या पलीकडून, दुसऱ्या खोऱ्यातून वळसे घेत येतो आणि कुंपणाच्या फाटकाशी थांबतो.

एका पोरानं विचारलं, "सायेब, वाडीचा रस्ता कुटाय?"

कंपनीचा माणूस खरंच गोंधळला. म्हणाला, वाडी लाल रेषेच्या आत येते. सुरक्षेसाठी तिथं वस्ती ठेवता येणार नाही. खाली सपाटीला घरं बांधून देणार, तसं पान अमुकवर आहे. "वाडीच राहणार नाही तर तिथं रस्ता कशाला लागेल?"

लबाडीनं म्हणाला नाही. त्याला ते सरळ वाटत होतं.

पटांगणात आवाज वाढला. काही पोरं खालच्या घरांचं विचारायला लागली, किती खोल्या, नोकरी कुणाला. एक म्हातारा म्हणत होता, खाली रानं कुणाची हायेत, आमी तिथं काय पिकवायचं. केतन माझ्याकडं बघत नव्हता.

मग ठ.मा. उठली. माइक तिच्या हातात कुणी दिला नाही, तिनं घेतला. "त्या कागदात लिवलंय म्हनं, पठारावर काय बी न्हाई. ह्ये खोटं हाय. खर्चुडी हाय. मी दावली, ह्या बाईनं मोजली, वहीत लिवली. तुमी काडून टाकली आसंल. इचारा तिला."

सगळी माझ्याकडं वळली. उभी राहिले.

म्हणाले, "ही वनस्पती पठारावर आहे. यादीत... राहून गेली आहे."

अधिकाऱ्यानं शांतपणे विचारलं, "यादीवर सही तुमचीच ना मॅडम?"
"हो."
"मग दुरुस्ती लेखी द्या. पुढचे कोण?"

राहून गेली आहे. एवढंच आलं तोंडातून.

जाताना ठ.मा.नं माझा हात दाबला. "बोललीस. बरं केलंस. त्यांनी काडली ना गं?" मी काय केलं, तर तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला.

२४ डिसें.
काही नाही.

११ जानेवारी, रविवार
लेखी दुरुस्ती चार वेळा लिहिली, चार वेळा पुसली. "अनवधानाने" लिहिलं तर खोटं. "हेतुतः वगळली" लिहिलं तर कॉलेज, पीएच.डी., सगळ्यावर येणार. प्रिन्सिपॉलना वरवर विचारलं, प्राध्यापकाच्या अहवालात चूक निघाली तर? ते म्हणाले, "कुणाच्या?" मी विषय बदलला.

संतोष म्हणाला, "तू एकटीनं नाही काढली. मीबी तेच म्हणत होतो." त्याच्या मनात हे तीन महिने होतं तर. त्यानं म्हटलं म्हणून मला रडू आलं, पण हलकं वाटलं नाही.

२६ जानेवारी
झेंडावंदन. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, विकास आणि पर्यावरण समतोल यावर मला निबंध आहे, मुद्दे सांगा ना." सांगितले. सगळे बरोबर सांगितले.

८ फेब्रुवारी, रविवार
सकाळी अकराला दारात ठ.मा.! महाळुंग्याला ती आयुष्यात पहिल्यांदा. पायथ्यापर्यंत चालत, मग जीप, मग दोन एसट्या. हातात नाचणीची पिशवी. संतोषनं धावत जाऊन पिशवी घेतली, "या मावशी, या" म्हणाला आणि लगेच बाहेर निघून गेला.

तिनं कमरेच्या पिशवीतून कागद काढला. मोजणीची नोटीस. "सगळ्यांना आलीय. वाच."

वाचून दाखवली. पठारावर सीमेचे दगड लावायला माणसं येणार, हरकत असल्यास कळवावे. तिनं पुन्हा वाचायला लावली. मग विचारलं, "तू लेखी द्यायची व्हतीस त्ये दिलं?"

नाही म्हटलं.

मग सांगितलं सगळं. दसऱ्याच्या दुपारपासून. त्यांनी काढली नाही, मी काढली. ती खाली फरशीवर बसली होती, मीही बसले. ती नाचणीत हात घालून खडे बघत होती, सांगून झालं तरी बघत राहिली.

"तारासाठी काडलीस?"
"हो. रस्ता होईल वाटलं."
"मला इचारायचं."
"विचारायलाच आले होते त्या शनिवारी."
"मंग?"
तिनं काढलेले खडे मी मुठीत गोळा केले.

शेवटी ती म्हणाली, "इचारलं आसतंस तर मी काडच म्हनले आसते का काय, मलाबी ठावं न्हाई. त्या रइवारी तर म्हनलेच आसते." मग पदरानं नाक पुसलं. "तारा येत न्हाई आता. पोरगा म्हनतो, खाली घर मिळंल तर येईल. तर त्याला तळं पायजे. माज्या घरातबी दोन तोंडं हायेत बघ."

चहा केला. तिनं बशीत ओतून घेतला.

"मंग आता परत लिव," म्हणाली.
"परत लिहून उपयोग नाही मावशी. अहवाल पुढं गेला."
"का? पेन न्हाई?"

९ फेब्रुवारी, सोमवार
काल ती इथंच राहिली. सकाळी लिहिलं. "सदर वनस्पती नियोजित तलावाच्या जागेत मोठ्या संख्येने आहे. दि. १५ सप्टेंबरच्या यादीत मी तिची नोंद केली होती. दि. २ ऑक्टोबर रोजी मी स्वतः ती नोंद काढली. ते चुकीचे होते." चार वाक्यं. पुसलं नाही. सही केली. सोबत वहीच्या त्या दोन पानांची झेरॉक्स. ठ.मा.ला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "माजं नाव?" मग पाचवं वाक्य घातलं: ही जागा श्रीमती ठकूबाई यांनी दाखवली. ती म्हणाली, "आता वाच." पुन्हा सगळं वाचलं.

संतोषनं मोटरसायकलवर दोघींना एकामागोमाग स्टँडला सोडलं. घोडेगावात तहसील कार्यालयात अकरा ते पावणेएक बाकावर. कारकून बरा माणूस होता, सगळं वाचलं त्यानं. म्हणाला, "मॅडम, सुनावणीची मुदत कधीच संपली. फाइल वर समितीकडं गेली. मी आवक शिक्का मारतो, पण हे तिकडं वेगळं पाठवावं लागेल. आणि..." आवाज खाली आणून, "तुम्ही स्वतःवरच लिहून देताय, विचार केलाय ना?"

म्हटलं, शिक्का मारा.

बाहेर ठ.मा.नं विचारलं, "झालं?" म्हटलं, इथलं झालं. ती कार्यालयाच्या पायरीवर उभी राहून शिक्क्याकडं बघत होती, ओला आहे का म्हणून बोटानं तपासलं. मोजणीची माणसं परवा येणार आहेत. तिनं विचारलं, हा कागद त्यांना दाखवला तर थांबतील का. नाही थांबणार, म्हणाले. "तरी दे एक," म्हणाली. शिक्क्याची प्रत तिला दिली, झेरॉक्स मला ठेवली.

शिनोलीकडची गाडी भरून आली. तिला खिडकी मिळाली नाही, दांड्याला धरून उभी. कंडक्टरनं पुढं सरका म्हटलं तशी ती माणसांत दिसेनाशी झाली.

स्टँडवरच मोबाइल बघितला. केतन. "नमस्कार मॅडम, जुन्नरच्या बाजूला अजून एक पठार आहे, तुमच्याच विषयाचं. तुमच्यासोबत काम सोपं जातं. शुक्रवारपर्यंत कळवाल?"

मी नाही गेले तर दुसरं कुणी जाईल, त्याला खर्चुडी ओळखूही येणार नाही. मी गेले तर...

प्रिन्सिपॉलना उद्या भेटायचं. त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी.

केतनला अजून काही कळवलेलं नाही.